शँपेन-अर्बानाला गाडीशिवाय निभतं का? घर फायनल करायच्या आधी विचारतेय

कृष्णाकाठची | ९ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ. मी कराडची. ऑगस्टमध्ये इलिनॉय विद्यापीठात, शँपेन-अर्बानाला एमएस करायला निघालेय. व्हिसा झाला, तिकीट झालं, आता गाडं घरापाशी अडलंय. आम्ही तिघी मिळून घर बघतोय आणि शेवटी दोन उरलीत. एक कॅम्पसपासून चालत बारा-पंधरा मिनिटांवर, जुनी लाकडी बिल्डिंग, खोल्या बारक्या, कपडे धुवायला तळघरात जायचं. दुसरं पश्चिमेला बरंच लांब, नवंकोरं, वॉशर-ड्रायर घरातच, आणि माणशी महिन्याला दीडशे डॉलर कमी. बाबांनी शेतावर कर्ज काढलंय त्यामुळे ते दीडशे डॉलर माझ्या डोळ्यापुढून हलतच नाहीत. लीजिंग ऑफिसवाले म्हणतात बस दारात येते. एक सिनियर म्हणाला अमेरिकेत गाडी नसली की हातपाय बांधल्यासारखं होतं, दुसरी म्हणाली मी दोन वर्षं काढली, कधी अडलं नाही. मला गाडी चालवता येत नाही, स्कूटी येते फक्त. जे तिथे राहिलेत त्यांनी खरं काय ते सांगा प्लीज. शुक्रवारपर्यंत सही करायचीय.

मक्यातला_माणूस | १० मे, सकाळी ६:१५

अभिनंदन! निभतं, अगदी चांगलं निभतं. मी साडेपाच वर्षं पीएचडी केली तिथे, गाडी शेवटच्या वर्षी घेतली तीसुद्धा नोकरी लागल्यावर. अमेरिकेतल्या बाकी गावांवरून शँपेनचा अंदाज बांधू नका, तिथली बस खरंच चांगली आहे. १९७० साली लोकांनी मतदान करून ट्रान्झिट डिस्ट्रिक्ट, म्हणजे बस चालवणारी सरकारी संस्था, उभी केली, सगळे नुसतं एमटीडी म्हणतात. विद्यार्थ्यांच्या फीमध्येच बसचे पैसे घेतलेले असतात, त्यामुळे आय-कार्ड दाखवायचं आणि बसायचं, वेगळा पास नाही, तिकीट नाही. कॅम्पसवरच्या काही थांब्यांना आय-स्टॉप म्हणतात, तिथून चढलात तर कार्डसुद्धा कोणी बघत नाही.

मार्गांना नंबर आणि रंग दोन्ही आहेत. २२ इलायनाय, १२ टील, १३ सिल्व्हर या तुमच्या रोजच्या, कॅम्पसभर फिरणाऱ्या. ५ ग्रीन, १ यलो या लांब जाणाऱ्या. नंबरापुढचं अक्षर म्हणजे दिशा, ई पूर्व, डब्ल्यू पश्चिम, एवढं कळलं की पहिल्या आठवड्यात गाव पाठ होतं. गावंही दोन आहेत, मधला राइट स्ट्रीट हीच हद्द, एका फुटपाथवर शँपेन आणि रस्ता ओलांडला की अर्बाना. कॅम्पसबाहेर सगळीकडे मका आणि सोयाबीन. कॅम्पसच्या मध्यावरही मक्याचं एक शेत आहे, मॉरो प्लॉट्स, १८७६ पासून पेरतात. त्यावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी जमिनीखाली बांधलीय. शेतकऱ्याची मुलगी आहात तर पहिल्या दिवशीच बघून या.

घराबद्दल माझं मत, जवळचं घ्या. कारण संध्याकाळी लिहितो, आता मीटिंग आहे.

सायकलवाली | १० मे, सकाळी ८:०२

लांबचं घर नको गं. मी नेमकी तीच चूक केली होती म्हणून सविस्तर लिहिते, जरा मोठं होईल.

आम्ही पण भाडं बघून लांबचं घेतलं. बस दारात येते हे शंभर टक्के खरं होतं. फक्त आम्ही जे टाइमटेबल बघितलं ते सोमवार ते शुक्रवार दिवसाचं, तेही सेमिस्टर चालू असतानाचं. बस तीच असली तरी रात्रीचं, शनिवारचं, रविवारचं आणि सुट्टीतलं टाइमटेबल वेगवेगळं असतं. नंबरसुद्धा बदलतो. दिवसा जी ५ ग्रीन ती संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ५० ग्रीन होते, २२ ची २२० होते, म्हणजे शेवटी शून्य लागतं, रंग तोच राहतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीतला रविवार. मी आणि रूममेट ग्रोसरीला गेलेलो, पाठीवरच्या बॅगेत पाच किलो तांदूळ, हातात दोन पिशव्या, दुधाचा गॅलनचा कॅन. स्टॉपवर उभ्या राहिलो. ५० ग्रीन आली, ड्रायव्हरने दार उघडलं, आमच्याकडे बघितलं, आम्ही मानेनेच नाही म्हटलं कारण आम्हाला ५ पाहिजे होती. दार बंद झालं, बस गेली. मग पाच काही येईना. त्या स्टॉपला शेड नव्हती, नुसता खांब. वारा कसला तर शेतांवरून सरळ येणारा, मध्ये अडवायला टेकडी नाही की काही नाही. अर्ध्या तासाने रूममेटच्या पापण्यांवर बर्फाचे बारीक कण दिसायला लागले आणि ती रडायला लागली, रडलं की ते अजून गोठतं. फोन बाहेर काढला तर थंडीने बॅटरी एकदम बंद पडली. शेवटी परत दुकानात जाऊन उभ्या राहिलो आणि तिथल्या एका बाईंनी पुढच्या बसची वेळ बघून दिली. घरी पोचलो तेव्हा दुधात बर्फाचे खडे होते.

तर दीडशे डॉलरचा हिशोब असा कर. महिन्यात किती वेळा रात्री दहानंतर लॅबमधून निघशील आणि किती रविवार बाहेर पडशील. प्रत्येक वेळी बस चुकली की उबर. माझे त्या वर्षी भाड्यात वाचलेले पैसे बहुतेक सगळे उबरमध्ये गेले. आणि वेळ गेला तो तर कशातच धरला नाही.

नाशिकची_आई | १० मे, दुपारी १:३०

माझा मुलगाही तिथेच चाललाय, म्हणून हा धागा अगदी जीव लावून वाचतेय. सायकलवाली, तुमचं वाचून पोटात गोळाच आला हो. मुलांना रात्री लॅबमधून यायला उशीर झाला आणि बस नसेल तर काय करतात? कोणी सोडायला येतं का?

मक्यातला_माणूस | १० मे, संध्याकाळी ७:५०

नाशिकची आई, काळजी करू नका, दोन सोयी आहेत. एमटीडीचीच सेफराइड्स म्हणून गाडी असते, रात्री बसचा पर्याय नसेल आणि एकटं असाल तर बोलवायची, घरापर्यंत सोडते. तिची हद्द ठरलेली आहे, कॅम्पस आणि आजूबाजूचा भाग एवढीच. दुसरं म्हणजे सेफवॉक्स, विद्यापीठ पोलिसांकडचे स्टुडंट पॅट्रोलवाले तुमच्यासोबत चालत येतात. लाजायचं काही कारण नाही, मुलंही बोलावतात. मुलाला सांगा फोनमध्ये दोन्ही नंबर पहिल्या दिवशीच सेव्ह कर.

आणि हेच माझं जवळच्या घराचं कारण. कृष्णाकाठची, तुमचं लांबचं घर सेफराइड्सच्या हद्दीबाहेर पडतंय असं वर्णनावरून वाटतंय. सही करायच्या आधी नकाशावर ती हद्द बघा. लीजिंग ऑफिसवाले त्यांच्या जागी बरोबर बोलतात, बस दारात येतेच, पण ते तुम्हाला गुरुवारी दुपारची बस सांगतात.

अजून एक, ज्याचा नवीन लोक विचारच करत नाहीत. थँक्सगिव्हिंग, विंटर ब्रेक, स्प्रिंग ब्रेक, अख्खा उन्हाळा, या काळात कॅम्पसच्या बस एकदम कमी होतात. अमेरिकन मुलं घरी जातात, आपण कुठे जाणार, आपण तिथेच. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तर बस नसतेच. त्या दिवसांत चालत दुकान गाठता येतं का हे बघून घर घ्या.

दुर्वांकुर | १० मे, रात्री ९:१०

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. गाडी घ्यावी. पहिल्या वर्षी नको, पण दुसऱ्या वर्षी तिघाचौघांनी मिळून जुनी का होईना घ्या. इंटर्नशिप कुठे लागेल सांगता येत नाही आणि अमेरिकेतल्या बहुतेक गावांत बस नावालाच असते. मी ज्या गावात इंटर्नशिपला गेलो तिथे घरापासून ऑफिस चार मैल, मध्ये फुटपाथच नाही, हायवेच्या कडेने गवतातून चालत जायचो. कॅम्पसवर राहून गाडी शिकायची टाळली त्याचा मला फार त्रास झाला.

सायकलवाली | १० मे, रात्री ९:४५

दुर्वांकुर, अर्धं पटलं. गाडी नको पण लायसन्स घ्या, असं म्हणेन मी. गाडी म्हणजे इन्शुरन्स, पार्किंग, बर्फात बॅटरी उतरणं, विद्यार्थ्याला तो खर्च झेपत नाही. लायसन्स मात्र पहिल्या उन्हाळ्यात काढून टाक, मग इंटर्नशिपच्या गावी काहीतरी सोय करता येते. पंचवीसच्या आतल्यांना रेंटल गाडीला जादा पैसे पडतात तेवढं लक्षात ठेव. शिवाय लायसन्स असलं की सगळीकडे पासपोर्ट घेऊन हिंडावं लागत नाही. तोवर स्टेट आयडी, म्हणजे राज्याचं ओळखपत्र, काढ.

आणि सायकल! माझं नाव उगाच नाही पडलं. गाव इतकं सपाट आहे की गियर बदलावे लागत नाहीत. नवी घेऊ नकोस. कॅम्पसवर बाइक सेंटर आहे, तिथे हत्यारं असतात, शिकवणारे असतात, आपली सायकल आपण दुरुस्त करायची. मी कराडच्याच शेजारची, इस्लामपूरची, घरी कधी पंक्चर काढलं नव्हतं, तिथे चेन बदलायला शिकले. कॅम्पसवर सायकल रजिस्टर करावी लागते ते करून टाक, चोरीला गेली तर सापडायला उपयोग होतो. कुलूप यू आकाराचंच घे, केबलचं कापतात. रात्री पुढे पांढरा दिवा कायद्याने लागतो, मागे लाल लाव.

बसच्या पुढे सायकलचा रॅक असतो. पहिल्यांदा मी घाबरले होते, सगळे बसमधून बघतायत आणि आपल्याला जमलं नाही तर. सोपं आहे. आधी ड्रायव्हरला हाताने खूण करायची की सायकल लावतेय. रॅकचं हँडल दाबून खाली ओढायचं, सायकल उचलून दोन्ही चाकं खाचेत ठेवायची, आणि आकड्यासारखा दांडा असतो तो ओढून पुढच्या चाकावर चढवायचा. झालं. उतरताना पुढच्याच दाराने उतरायचं आणि सायकल काढतेय असं सांगून उतरायचं, नाहीतर बस सायकलसकट जायची.

सर्वांत महत्त्वाचं, आपण डावीकडून चालवायला शिकलेलो, तिथे उजवीकडून. चालतानाही रस्ता ओलांडताना आपली मान आधी उजवीकडे वळते आणि गाडी येते डावीकडून. त्यात तिथे सिग्नल लाल असतानाही गाड्यांना थांबून, बघून उजवीकडे वळता येतं. ड्रायव्हर डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत असतो आणि तू त्याच्या उजव्या बाजूने निघालेली असतेस. त्याच्या डोळ्यात बघ, त्याने तुला बघितलंय अशी खात्री झाली की मगच पाऊल टाक. पहिल्या महिन्यात माझ्या एका वर्गमैत्रिणीला असाच धक्का बसला, हात मोडला. हे मी दरवर्षी नव्या मुलांना सांगते आणि सांगत राहणार.

डेव्हिसकर_पाटील | ११ मे, सकाळी ५:५५

थोडं अवांतर, पण राहवत नाही. मी कॅलिफोर्नियात डेव्हिसला आहे. इथली युनिट्रान्स ही बस विद्यार्थी चालवतात, अक्षरशः स्टिअरिंगवर विद्यार्थी. १९६८ साली विद्यार्थी संघटनेने लंडनहून दोन जुन्या डबलडेकर आणून सुरू केली. अमेरिकेतल्या पहिल्या सायकल लेनही इथल्याच, १९६७ च्या. सांगायचं काय तर गाडीशिवाय जगता येतं अशी गावं अमेरिकेत आहेत आणि ती बहुतेक विद्यापीठाचीच गावं आहेत. एक धागा काढून सगळ्या गावांची माहिती गोळा करायला पाहिजे, दरवर्षी मे महिन्यात हेच प्रश्न येतात.

एम्सवरून | ११ मे, सकाळी ७:२०

डेव्हिसकर, अनुमोदन. आमच्या आयोवातल्या एम्सला सायराइड आहे, विद्यार्थ्यांना आय-कार्डसारखंच, फीमध्येच. इथेही मार्गांना रंग आहेत, ऑरेंज सगळ्यांत भरलेली. थंडी मात्र शँपेनपेक्षा जास्त. २०१९ च्या जानेवारीत पोलर व्होर्टेक्स, म्हणजे ध्रुवाकडची कडाक्याची थंडी, आली तेव्हा शँपेनलाही क्लास रद्द झाले होते ना?

मक्यातला_माणूस | ११ मे, संध्याकाळी ६:३०

हो, झाले होते. त्या दिवसांत मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. पण असे दिवस फार थोडे. रोजच्या थंडीत खरा त्रास असतो तो ब्लॅक आइसचा, रस्ता ओला दिसतो पण तो काचेसारखा बर्फ असतो. बस पकडायला धावायचं नाही हा नियम करा. बस गेली तर जाऊ द्या. मी धावलो होतो, माकडहाडावर आपटलो, सहा आठवडे क्लासमध्ये उभा राहायचो. बूट भारतातून नेऊ नका, तिथे घ्या, तळव्याला खोल खाचा असलेले. आणि छोटी पावलं टाका, पेंग्विनसारखी, गुडघे जरा वाकवून.

आता येतानाचं सांगतो, ऑगस्टमध्ये तेच पहिलं येणार. शिकागो ते शँपेन साधारण सव्वादोनशे किलोमीटर. ओहेअर विमानतळावरून थेट कॅम्पसला येणाऱ्या खाजगी बस आहेत, तीच घ्या, आधी बुक करा, आणि विमानाच्या वेळेनंतर भरपूर मोकळा वेळ ठेवून बुक करा कारण इमिग्रेशनची रांग कोणाच्या हातात नसते. ट्रेनही आहे, शिकागोच्या युनियन स्टेशनवरून दिवसाला तीन, आणि शँपेनला इलिनॉय टर्मिनलला उतरलं की तिथेच गावातल्या बस मिळतात, एकाच इमारतीत सगळं. पण तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन ओहेअरहून ब्लू लाइन मेट्रोने क्लिंटन स्टेशनला उतरून युनियन स्टेशनपर्यंत जायचं म्हणजे जिने चढायचे. पहिल्या खेपेला नको. नंतर शिकागोला फिरायला जाताना ट्रेनच घ्या, खिडकीतून मका बघत जाता येतं.

आई-वडील भेटायला आले तर त्यांना बसचं तिकीट एक डॉलर. नवरा किंवा बायको सोबत येत असेल तर त्यांना वर्षाचा पास काढून द्या. माझी बायको पहिले सहा महिने घरातच बसून होती, इथे काय कुठे जायचं म्हणून. पास हातात आल्यावर ती एकटी अर्बानाच्या शनिवारच्या बाजारात जायला लागली, मे ते ऑक्टोबर भरतो, लिंकन स्क्वेअरपाशी, भाजी घेऊन यायची, दोन ओळखी झाल्या. माणूस स्वतःच्या पायावर बाहेर पडला की घरातलं वातावरणच बदलतं, हे मी जवळून बघितलंय.

नाशिकची_आई | ११ मे, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला पूर्ण धागा वाचायला लावला. उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांचं तर दोनदा मोठ्याने वाचून घेतलं.

कृष्णाकाठची | १२ मे, दुपारी १२:१५

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. काल रात्री आम्ही तिघींनी व्हिडिओ कॉलवर बसून दोन्ही पत्त्यांवरून रविवारी संध्याकाळचं आणि स्प्रिंग ब्रेकमधलं टाइमटेबल लावून बघितलं. लांबच्या घराला रविवारी शेवटची बस आम्हाला वाटलं त्यापेक्षा खूप लवकर होती आणि सेफराइड्सच्या हद्दीत ते घर नाही. तळघरात कपडे धुवायची तयारी आहे. बाबांना फोन केला, सायकलवाली ताईंचं दुधाचं सांगितलं. ते म्हणाले कर्ज मी फेडेन, तू जवळचं घे. सही केली.

सायकलवाली | १२ मे, दुपारी १:००

शाब्बास. आता ऑगस्टच्या मध्यात सगळ्यांची लीज एकदम संपते, अख्खं गाव घर बदलतं. रस्त्याकडेला टेबलं, खुर्च्या, दिवे ठेवलेले असतात, घेतले तर चालतं. गाद्या आणि सोफे मात्र उचलू नका, ढेकूण असतात. टेबल बसमध्ये चढवू देत नाहीत, दोघींनी उचलून आणा, जवळचं घर आहे आता.

कृष्णाकाठची | २४ सप्टेंबर, रात्री ८:२०

धागा वर काढतेय. पोचले, रुळले. टेबल मिळालं, तीन चौक उचलून आणलं. बसचा अजिबात प्रश्न नाही, स्टॉपवर पुढची बस किती मिनिटांत ते बोर्डावर दिसतं आणि एमटीडीने तो डेटा सगळ्यांना खुला ठेवलाय, त्यावर आमच्या वर्गातल्या एकाने स्वतःचं ॲप बनवलंय. मागच्या रविवारी ५० ग्रीनमध्ये बसले आणि शेजारी दोन नवीन मुली ५ ची वाट बघत उभ्या होत्या, त्यांना हाक मारून चढवलं. मॉरो प्लॉट्स बघितलं, फोटो बाबांना पाठवला, ते विचारतायत बियाणं कुठलं वापरतात.

एकच अडलंय. कणकेची वीस पौंडांची गोणी बसमधून आणायची कशी? दुकान स्टॉपपासून आत आहे, मागच्या वेळी खांद्यावरून आणली तर दोन दिवस मान वळत नव्हती.

सायकलवाली | २४ सप्टेंबर, रात्री ८:५५

दोन चाकांची उभी ट्रॉली मिळते, घडी होणारी, म्हाताऱ्या बायका बाजारात नेतात तशी. बसमध्ये पायापाशी मावते. गोणी खाली आणि कांदे-बटाटे वर ठेव, नाहीतर वळणावर उलटते. मी अजून इथेच आहे, अर्बानात. माझ्याकडे एक जादा आहे, शनिवारी बाजारात येणार असशील तर घेऊन येते.

कृष्णाकाठची | २४ सप्टेंबर, रात्री ९:०१

येते की! व्यनि (खाजगी निरोप) केलाय.